कुलपापासून दूर गेलेली किल्ली

मी एका जुन्या सायकलच्या कुलपाची किल्ली आहे. लांबीला करंगळीच्या दोन पेरांएवढी, डोक्याला एक भोक, अंगावरचा मुलामा कधीच उडून गेलेला. मित्रांनो, मोठमोठ्या दरवाजांच्या आणि तिजोऱ्यांच्या किल्ल्यांना सांगण्यासारखं पुष्कळ असतं. माझ्याकडे एकच गोष्ट आहे, आणि ती अभिमानाने सांगावी अशी नाही. माझ्यामुळे एका माणसाची सायकल अडीच वर्षं उभी राहिली.

माझा जन्म अलीगढचा. लातूरच्या गंजगोलाईतल्या एका दुकानात मी आणि माझी जुळी बहीण एकाच तारेत ओवलेल्या होतो. जमीन मोजणीच्या खात्यात नोकरीला असलेल्या वसंतरावांनी नव्या सायकलसाठी कुलूप घेतलं आणि आम्ही दोघी त्यांच्या घरी आलो. हे कुलूप नालासारखं मागच्या चाकावर बसतं. ते उघडं असेपर्यंत किल्ली त्यातच अडकून राहते. कुलूप लागलं तरच बाहेर निघते. म्हणजे चाक फिरत असतं तेव्हा मी माझ्या घरात असते. मी कुणाच्या हातात किंवा खिशात दिसले, तर सायकल थांबलेली आहे असं समजावं.

१९९३ साली भूकंप झाला. किल्लारीकडची गावंच्या गावं ढिगाऱ्यात गेली. पुढे कित्येक दिवस तिकडच्या रस्त्यावर मदतीच्या गाड्या आणि नुसतं बघायला आलेल्यांच्या गाड्या यांची रांग लागलेली असे. खात्याची जीप अडकून पडली की वसंतराव सायकल खांद्यावर घेत आणि बांधाबांधाने, द्राक्षांच्या मांडवांखालून वाकून पुढे जात. मग नव्या गावठाणांची मोजणी निघाली. अशाच एका माळावर खुंटी ठोकायला ते वाकले आणि सुटी किल्ली म्हणून खिशात ठेवलेली माझी बहीण कुठेतरी पडली. बरोबरचा शिपाई माती चाळू लागला.

"राहू दे," वसंतराव म्हणाले. "इथं लोकांना आपली घरं सापडंनात, अन् आपण किल्ली हुडकत बसायचं?"

तेव्हापासून मी एकटी आहे. आणि तेव्हापासून वसंतरावांना गाड्यांनी भरलेल्या रस्त्याचा वीट आला, तो कायमचा.

काही वर्षांनी लातूरची अरुंद रुळांची छोटी रेल्वे बंद झाली, रूळ निघाले. हरंगुळच्या बाजूला जुन्या भरावाचा एक लांब तुकडा तसाच पडून होता. दर रविवारी वसंतराव आणि त्यांची लेक उर्वी तिथे जात. उर्वी सायकल चालवी, वसंतराव मागे कॅरिअरवर बसत. ती दमली की जागा बदलत. दोन्ही बाजूंना शेतं, मधेच एखादा द्राक्षांचा मळा, समोरून येणारं कुणी नाही.

"रेल्वेचा चढ गुडघ्याला कळत न्हाई बघ," ते सांगत. "शंभर पावलं पुढं जावं तेव्हा एक पाऊल वर. इंजिनाला त्याहून जास्त झेपत न्हाई, अन् मलाबी."

मग उर्वी बारावीत गेली. लातुरात तेव्हा क्लासेसचं पीक जोरात होतं. परगावाहून आलेली पोरं-पोरी पहाटेपासून पाठीवर ओझं घेऊन एका क्लासमधून दुसऱ्या क्लासमध्ये पळत. उर्वी एक दिवस फिजिक्सचा क्लास बुडवून एकटीच भरावावर गेली, मग आणखी एक दिवस. चाचणीचे गुण घरी आले तेव्हा सगळं कळलं. वसंतराव ओरडले नाहीत. त्यांनी सायकलला कुलूप लावलं आणि मला काढून घेतलं.

"शेवटचा पेपर सुटला की दुपारी दोन वाजता किल्ली तुझ्या हातात."

"अन् पेपर वाईट गेले तर?"

"तरी दोनलाच."

चार महिने मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होते. शेवटच्या पेपरला ते दीड वाजल्यापासूनच केंद्राच्या फाटकाशी उन्हात उभे होते. दोन वाजून पाच मिनिटांनी मी उर्वीच्या मुठीत होते. ती पाच मिनिटं तिलाच गर्दीतून बाहेर यायला लागली.

उर्वी इंजिनिअर झाली आणि पवनचक्क्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या नोकरीसाठी स्पेनमध्ये, बिल्बाओ नावाच्या शहरात गेली. वसंतराव निवृत्त होऊन पत्नी प्रेमलाबाईंच्या माहेरी, नांदेडला राहायला आले. सायकल आणि मीही आलो. नांदेडात त्यांना भराव मिळाला नाही. पण घराच्या वळणावर सायकल दुरुस्त करणारे जिलानीभाई मिळाले, आणि रोज सकाळी गोदावरीपर्यंत एक फेरी होऊ लागली.

एकदा उर्वीने फोनवर एक फोटो पाठवला. वसंतराव तो मोठा करून बघत राहिले आणि मग त्यांनी लगेच तिला फोन लावला.

"आगं माय, हा तर आपला भराव! रुंदी बघ, वळण बघ. छोट्या रेल्वेचं काम हाय हे."

ते बरोबर होते. ती वाट रिओहा नावाच्या द्राक्षांच्या मुलुखातली. कधीकाळी तिथून छोटी रेल्वे धावत असे. रूळ काढल्यावर ती जागा सायकलस्वारांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवली होती. अठ्ठावीस किलोमीटर. मोटार नाही, ट्रक नाही.

"अन् म्हशी?" प्रेमलाबाईंनी आतून विचारलं.

"म्हशीबी न्हाईत. निस्ती द्राक्षं."

"मग उर्वीला म्हणावं, यांना तिकडंच ठेवून घे."

त्या दिवसापासून वसंतरावांचा एकच ध्यास होता. त्यांनी पासपोर्ट काढला. नकाशावर ती वाट शोधून तिचा चढ काढला आणि आपल्या हिशोबाने तो गुडघ्यांना मंजूर केला.

दिवाळीच्या सुट्टीत उर्वी नांदेडला आली होती, त्याच आठवड्यात एका ऑटोचा धक्का लागून वसंतराव रस्त्यावर पडले. मनगटाचं हाड मोडलं. एवढंच झालं, पण मागून येणारा ट्रक हातभर अंतरावर थांबला होता, आणि ते उर्वीने स्वतः पाहिलं होतं. घरी येताच तिने सायकलला कुलूप लावलं, मला काढलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.

"अण्णा, इथं आता सायकल बंद. तिकडे या. तिथं पाहिजे तेवढी चालवा."

"कधी येऊ?"

"बघते ना. सुट्टीचं बघून सांगते."

मित्रांनो, या उत्तरात दिवस नव्हता, वेळ नव्हती. ज्या माणसाने तिला एकदा दोन्ही सांगितलं होतं, त्यालाच ती असं सांगत होती. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. पण खरं सांगते, मी आनंदात होते. विमानात बसणारी मी आमच्या कुळातली पहिली किल्ली. बिल्बाओच्या घराच्या चकचकीत किल्ल्यांच्या जुडग्यात मी मिरवत राहिले.

पहिला उन्हाळा उर्वीच्या कामात गेला, दुसरा घर बदलण्यात. फोनवर वसंतराव तारखेचं कधी विचारत नसत. ते वाटेचं विचारत. दुसऱ्या वर्षी द्राक्षं काढणीच्या दिवसांत उर्वीने ठरवलं, निदान त्यांना ती दाखवावी. एका रविवारी तिने भाड्याच्या सायकलच्या हँडलवर फोन बसवला, नांदेडला व्हिडिओ कॉल जोडला आणि निघाली. मी तिच्या कमरेच्या पिशवीला लटकत होते.

वाट पांढुरकी, बारीक खडीची होती. दोन्हीकडे कमरेएवढ्या उंचीच्या द्राक्षवेली, एकेक सुटी उभी. पुढे निळसर डोंगर. तासाभरात समोरून एक आजोबा आले आणि हात हलवून गेले, तेवढीच रहदारी.

"हे लोक मांडव घालत न्हाईत का गं?"

"नाही अण्णा. वेल अशीच वाढवतात."

"म्हणजे वाकायचं काम न्हाई," ते म्हणाले.

थोड्या वेळाने उर्वीच्या लक्षात आलं की फोनच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत वसंतरावांचे खांदे हलत आहेत.

"अण्णा, कुठं बसलात?"

"सायकलवर."

व्हरांड्यात स्टँडवर उभ्या केलेल्या कुलूपबंद सायकलवर ते बसले होते. मित्रांनो, मागचं चाक कुलपात असलं की पायडल पुढे जात नाही. मात्र उलटं फिरतं. वसंतराव उलटं पायडल मारत लेकीबरोबर निघाले होते.

उर्वीला हसू आलं. "उलटं काय मारताय? मागं जाल ना!"

"सुलटं तू ठेवलंस का?" तेही हसतच म्हणाले.

पलीकडून प्रेमलाबाईंचा आवाज आला, "तास झाला, उतरायचं नाव न्हाई. ताट तिथंच आणू का, हँडलवर?"

उर्वी थांबली. तिने एक पाय खाली टेकवला. तिचा हात पिशवीवर आला आणि बोटं माझ्यावर. मला त्या दिवशी पाकिटात घालून टपालात टाकलं असतं तरी पंधरा-वीस दिवसांत मी नांदेडला पोचले असते. मी जुडग्यात वाजलेही नाही.

"मे महिन्यात अण्णा. नक्की."

"तुझ्या सवडीनं बघ," ते म्हणाले आणि पुन्हा उलटे पाय मारू लागले.

मेची तिकिटं निघाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारचं जेवण करून आडवे झालेले वसंतराव उठले नाहीत.

उर्वी आली. पाचव्या दिवशी जिलानीभाई बसायला आले. बराच वेळ ते व्हरांड्यातल्या सायकलकडे बघत राहिले.

"बेटी, साब दर महिन्याला हिला दुकानात आणायचे. चाक तर बंद. मागून उचलून, दोनशे पावलं. चहावाला दरवेळी छेडायचा, 'काय काका, चोरीची हाय का?' साब म्हणायचे, 'हाव, लेकीची हाय.' तेल सोडून घ्यायचे, हवा भरून घ्यायचे, अन् परत उचलून न्यायचे. मी बोललो, साब, एक हातोडी का काम है, अभी खोलता. तर म्हणाले, 'जिलानी, कुलूप लेकीनं लावलंय. तोडलं तर तिला वाटंल, बापानं माझं ऐकलं न्हाई.'"

जिलानीभाई गेल्यावर उर्वीने मला जुडग्यातून सोडवलं आणि कुलपात घातलं. मला वाटलं होतं, अडीच वर्षांत कुलूप गंजलं असेल, मला अडवील, थोडी झटापट होईल. तेवढी शिक्षा मला हवी होती. पण आत ताजं तेल होतं. अर्ध्या वळशात कुलूप उघडलं.

"चालव आता," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"मला नको, आई."

प्रेमलाबाई खाली वाकल्या. आयुष्यात त्यांनी सायकल कधी चालवली नव्हती. त्यांनी हाताने पायडल पुढे ढकललं. मागचं चाक फिरू लागलं, आणि ते आपणहून थांबेपर्यंत दोघी तिथेच उभ्या राहिल्या.

मला कुणी दोष देत नाही. उर्वीही देत नाही. तो तिने सगळा आपल्याकडे ठेवला आहे. मला मात्र माझा वाटा ठाऊक आहे.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसांना जपलंच पाहिजे. त्यांच्या हातून एखादी वस्तू काढून घ्यावी लागली तर घ्याही. पण घेताना ती परत कधी आणि कुठे मिळेल, तो दिवस त्यांना सांगा, आणि तो दिवस आला की हातातली कामं बाजूला ठेवून निघा. ते तुम्हाला आठवण करून देणार नाहीत. एकदाच 'कधी येऊ' असं विचारतील आणि मग इतके शहाण्यासारखे गप्प राहतील, की तुम्हाला वाटेल, त्यांना काही घाई नाही.