शर्टाच्या आतला कंबरपट्टा

मी एक जुना कंबरपट्टा आहे. हसू नका, मित्रांनो. एक दिवस बादली उचलताना तुमचीही कंबर धरेल, तेव्हा माझ्याच नावाने हाका माराल.

माझा जन्म औरंगाबादजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. रुंद इलॅस्टिक, पाठीला चार पोलादी पट्ट्या आणि पुढे भक्कम वेल्क्रो. मेडिकलच्या दुकानातून मला अंजनाबाईंनी विकत घेतलं. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मला त्या साडीवरून बांधायच्या, चारचौघांत, अगदी झेंडावंदनालासुद्धा. बाईंची कंबर दुखते हे साऱ्या शाळेला माहीत होतं, त्यामुळे खुर्ची न मागता पुढे यायची. काय मान होता तेव्हा मला!

मग बाईंचा मुलगा जगदीश, जो जर्मनीत इंगोलश्टाटला असतो, त्याची कंबर गेली. बाई व्हिसा काढून निघाल्याच. ज्वारीचं पीठ आणि काळा मसाला यांच्यामध्ये त्यांनी मला कोंबलं. अजूनही मला मसाल्याचा वास येतो, असं सूनबाई ऊर्मिला म्हणते. येऊ दे की. त्या वासानेच जगदीशला अर्धं बरं वाटायचं.

आता गंमत ऐका. जगदीश ज्या कंपनीत होता, ती गाड्यांच्या सीट बनवायची. दिवसभर नवनव्या सीटवर बसायचं आणि माणसाची पाठ कुठे दुखेल ते शोधायचं, हेच त्याचं काम. आणि त्याची स्वतःची पाठ गेली कशी, तर पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट जिन्यावरून चढवताना. डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यातली गादी सरकलीय, घरी पडून राहा, आणि पुढेही हे दिवसभर बसायचं काम तुम्हाला मानवणार नाही.

तो घरी राहिला, पण शरमेने अर्धा झाला. आजारी पडला होता की दरोडा घालून आला होता, देव जाणे! दारावरची बेल वाजली की माझी रवानगी मोज्यांच्या खणात. बाहेर जाताना मी शर्टाच्या आत, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट, आणि तेही ऐन जुलैत. घाम त्याचा, बदनामी माझी.

सुट्टी संपवून तो कामावर गेला त्याच दिवशी साहेबांनी बोलावलं. ‘आल्झो’, ‘आल्झो’, म्हणजे आपलं ‘तर मग’, ‘तर मग’ करत त्यांनी गोड आवाजात सांगितलं की तुमच्या तब्येतीला हे काम झेपणार नाही, तर आपण दोघांच्या संमतीने वेगळे होऊ. पुढे कागद सरकवला. मी आतून सगळं ऐकत होतो. त्या मीटिंगच्या खोलीतल्या खुर्च्या इतक्या वाईट होत्या की जगदीशला धड बसवेना. सही केली की उठता येईल, एवढंच त्या बिचाऱ्याला कळत होतं. एका खुर्चीतून सुटायला त्याने नोकरी दिली.

इथवर ठीक होतं. पण जर्मनीत निरोपाच्या दिवशी जाणाऱ्यानेच सगळ्यांना केक खिलवायचा असतो. केक आणला की दोन शब्द बोलावे लागतात. काढलं म्हणून सांगायचं तर जीभ वळेना, म्हणून त्याने ठोकून दिलं की मीच आता नवीन काहीतरी करायचं ठरवलंय. टाळ्या पडल्या. मग मराठी ग्रुपवर तेच लिहिलं. लोकांनी अभिनंदन केलं आणि पार्टी मागितली. या पठ्ठ्याने दिली! नोकरी गेल्याची पावभाजी खाल्लेली माणसं मी तरी तेवढीच पाहिली. आईलाही तेच सांगितलं. आणि कळस म्हणजे बेरोजगारी भत्त्याच्या अर्जात, नोकरी का संपली या प्रश्नापुढे, त्याने लिहिलं: स्वतःच्या इच्छेने.

सरकारी माणसं लिहिलेल्यावर विश्वास ठेवतात. पत्र आलं की तुम्ही स्वतः नोकरी सोडलीत, त्यामुळे पहिले तीन महिने भत्ता बंद. याला तिकडे श्पेर्झाइट म्हणतात. ऊर्मिलाची नोकरी अर्ध्या दिवसाची, डोक्यावर घरभाडं. तिने पत्र दोनदा वाचलं आणि जगदीशला शांतपणे सांगितलं की आक्षेप घ्यायचा, आणि या वेळी खरं सांगायचं. मुलगी मैत्री तिच्या जर्मनमध्ये म्हणाली की पापा, सरळ सांगून टाक ना. सरळ सांगणं एवढं सोपं असतं तर मी मोज्यांच्या खणात कशाला राहिलो असतो?

आक्षेप भत्त्याच्या कचेरीत प्रत्यक्ष जाऊनही देता येतो. आपण बोलायचं, तिथली बाई टाइप करून घेते. जगदीश ऐनवेळी कच खाणार हे ऊर्मिला ओळखून होती. ती सासूला म्हणाली, “आई, तुम्ही जा ना याच्यासोबत. तेवढंच शहर बघून होईल.” फार हुशार मुलगी आहे.

टेबलापलीकडे टाइप करून घेणाऱ्या बाई होत्या, फ्राउ ओबरमायर. त्यांनी नम्रपणे विचारलं, नोकरी तुम्ही स्वतःच सोडलीत का? आणि सवयीने, निव्वळ सवयीने, हा म्हणाला, “जा.” म्हणजे जर्मनमध्ये हो! मला तर घाम फुटला. वर हा घाबरून पेन पाडतो, ते उचलायला वाकतो, आणि माझं जुनं वेल्क्रो खर्रर्र करून सुटतं. मुद्दाम नाही हो, वय झालंय माझं. जगदीश तसाच वाकलेला राहिला, वर येता येईना. शर्टाखालून माझं एक टोक लोंबत होतं.

अंजनाबाई उठल्या. सगळ्यांदेखत त्यांनी त्याचा शर्ट वर केला आणि मला आवळायला घेतलं. आवळता आवळता विचारलं, काय म्हणतायत या?

“विचारतायत, नोकरी मी सोडली का.”

“मग सांग की. बाई खोळंबल्यात.”

त्याने वाकल्या वाकल्याच टेबलाची कड धरली.

“आई, मी सोडली नाही गं. मला काढलं. पाठीमुळे.”

बाईंचे हात क्षणभर थांबले. मग त्यांनी वेल्क्रो नीट दाबून बसवलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “मग ते त्यांना सांग. मला मराठीत सांगून भत्ता मिळणार आहे का?”

जगदीश सरळ झाला आणि त्याने जर्मनमध्ये सगळं सांगितलं. डॉक्टर, कागद, खुर्ची, केक. पावभाजीसुद्धा. फ्राउ ओबरमायर टाइप करत राहिल्या. पावभाजीपाशी थांबून त्यांनी स्पेलिंग विचारलं. शेवटी म्हणाल्या, “गेनाऊ.” म्हणजे अगदी बरोबर. “हेच लिहायला हवं होतं.” आणि डॉक्टरांचं पत्र जोडायला सांगितलं.

आक्षेप मान्य झाला, भत्ता सुरू झाला. पण मला आनंद झाला तो त्याआधीच, त्या दिवशी घरी परतल्यावर. बाईंनी बहिणीला फोन लावला. जय भीम झाल्यावर हवापाण्याच्या सुरातच म्हणाल्या, “जगूला काढलं गं कामावरून. कंबर दुखते ना त्याची. हो, जेवतोय आता, भाकरी केलीय.” जगदीश ऐकत होता. त्याने घास खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा क्रेट आणायला मैत्रीसोबत निघताना त्याने मला शर्टावरून बांधलं. परतताना जिन्यात शेजारच्या आजोबांनी मला पाहिलं आणि क्रेटची एक बाजू धरली.

म्हणून सांगतो, मित्रांनो. मला कोमट पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा, वेल्क्रोतले धागे काढत जा. आणि मला शर्टाच्या आत बांधू नका. आत असलो की मी फक्त कंबर धरतो. बाहेर असलो की कुणीतरी क्रेटही धरतं.