स्विचवरची चिकटपट्टी

"तुम्ही गेम विकत घेतला नव्हता, मॅडम. वापरायची परवानगी घेतली होती," फोनवरचा गेम कंपनीचा मुलगा म्हणाला.

नोरीनचे दोन्ही हात पिठानं बरबटलेले, म्हणून फोन काउंटरवर स्पीकरला लावलेला. मी मागे बटाट्याच्या पोत्यावर बसून माझ्या लेकीला, मेव्हला, पाजत होते.

"बाळा," नोरीन, माझी सासू, म्हणाली, "या बर्मागुई गावात जन्मभर मासे तळून विकलेत मी. घरी नेलेला मासा कधी कुणाच्या ताटातून परत उचलून आणला नाही."

"आमच्या पुढच्या गेममध्ये तुमच्या खेळाडूला एक टोपी मोफत मिळेल."

"टोपी," नोरीन म्हणाली आणि कोपरानं फोन बंद केला.

दुकानाच्या कोपऱ्यात कपाटाएवढा जुना गेम उभा आहे. अंतराळयानं येतात, आपण पाडायची, एवढंच. काचेवर नाणं ठेवलं की पुढचा नंबर तुमचा. गावातल्या वांड पोरांनीही हा नियम कधी मोडला नाही. गुणांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर अजून MRV, म्हणजे माझे सासरे मर्व. वीज गेली किंवा स्विच बंद झाला की त्या यंत्राची यादी पुसली जाते. मग मर्व मासे जळत ठेवून पुन्हा खेळायचा आणि नाव परत चढवायचा. "गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, नाव जाता कामा नये," म्हणायचा.

मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. माझ्या नवऱ्यानं, ग्लेननं, त्याला टॅबलेटवर तो नवा गेम घालून दिला. मर्वनं डाव्या बोटानं त्यात एक जेटी बांधली. टोकाला बाक. बाकावर बसलं की त्यानं भरून ठेवलेला त्याचा आवाज यायचा: "आलीस? बूट काढ. पाय बुडव पाण्यात."

गेल्या हिवाळ्यात तो गेला. तेव्हापासून जेवणाची गर्दी ओसरली की नोरीन टॅबलेट घेऊन गेममधल्या त्या बाकावर जाऊन बसायची.

आता खेळणारे कमी झाले म्हणून कंपनी ते सगळं बंद करणार होती. गुरुवारी दुपारी.

नवेपणाचा मला राग नाही. जुन्या कपाटात मर्वचा आवाज मावलाच नसता. तीन अक्षरं मावली, बस. पण त्या कपाटाची वायर आमच्या भिंतीत आहे. जेटीची वायर कुठल्या तरी परक्या माणसाच्या हातात, आणि तो ती उपटताना आम्हाला टोपी देतो. माणसाला आधी सांगायचं, बांध, सजव, तुझंच आहे. आणि त्यानं जीव ओतला की म्हणायचं, परवानगी होती. मेव्ह झोपली की मी हे लिहिते.

ग्लेननं तो आवाज फोनवर उतरवून घेतला. नोरीननं एकदा ऐकला आणि फोन परत दिला. "हा नुसता बोलतोय रे. तिथं तो माझी वाट बघत असतो."

गुरुवारी तिनं मेव्हला मांडीवर घेतलं आणि बाकावर गेली. तेवढ्यात कॉलिन आला, आमचं रोजचं गिऱ्हाईक.

"नोरीन, माझे चिप्स?"

"थांब जरा. नवरा बोलतोय माझा."

कॉलिननं टोपी काढली आणि काउंटरला टेकून उभा राहिला.

"आलीस? बूट काढ," मर्व म्हणाला. "पाय—"

समुद्र करडा झाला. मधोमध अक्षरं उमटली: खेळल्याबद्दल आभार. मेव्ह त्या अक्षरांवर हात आपटून हसली.

नोरीननं तिला माझ्याकडे दिलं. कॉलिनचे चिप्स तळले, मीठ घातलं, कागदात बांधले. पैसे ठेवताना तो म्हणाला, "मेल्यांना लाज नाही."

"चिप्सवर व्हिनेगर घ्यायचं विसरलास," ती म्हणाली.

तो गेल्यावर ती कोपऱ्यातल्या कपाटामागे वाकली. तिथल्या स्विचवर मर्वनं कधीकाळी चिकटपट्टी मारली होती, वर त्याच्याच अक्षरात: हात लावलात तर हात तळीन. पट्टीची कडा सुटली होती.

"टेगन, ती पारदर्शक पट्टी दे गं," ती मला म्हणाली.

जुनी तिनं काढली नाही. तिच्यावरूनच नवी लावली आणि अंगठ्यानं एकेक अक्षर दाबत शेवटपर्यंत गेली.