कोण कुणाला चावलं

फोन थरथरला तेव्हा तिच्या चिमट्याच्या टोकावर साखरेच्या दाण्याएवढा स्क्रू होता. समोर एक गृहस्थ चष्म्यावाचून डोळे मिचकावत बसले होते आणि त्यांच्या चष्म्याची काडी बसवायची होती. तिने फोनवर शाळेचं नाव पाहिलं आणि स्क्रू जो गेला तो गेलाच, काउंटरखाली कुठेतरी.

शाळेतले कारकून शब्दाला महाग. वर्गात चावण्याचा प्रकार झालाय, येऊन जा, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवलासुद्धा. काही विचारायला तिने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, हातातला चिमटा काढून घेतला आणि मानेनेच जा म्हटलं.

शाळा दोन गल्ल्या पलीकडे. ती धड चालत नव्हती, धड धावत नव्हती. संपलं सगळं, एवढंच मनात घोळत होतं. गेल्या बैठकीत मुख्याध्यापिकांनी गोड शब्दांत पण स्पष्ट सांगितलं होतं की आपण सगळे मिळून प्रयत्न करू, मात्र तुमची मुलगी पुन्हा कुणाला चावली तर उरलेलं वर्ष तिला घरीच ठेवावं लागेल, बाकीच्या पालकांना मी काय तोंड दाखवू? घरी ठेवायचं म्हणजे आईचं काम सुटणार, हे तर होतंच. पण पाच वर्षांच्या पोरीला शाळेने नको म्हटलं, हे जास्त जिव्हारी लागणारं होतं. पोरीला कळणार नाही असं कुणी म्हणू नये. पोरीला सगळं कळायचं.

घरात तिला भिंगरी म्हणत, आणि ते काही उगीच नाही. रंगात आलेला खेळ मोडून जेवायला चल म्हटलं की भिंगरीचं डोकं फिरायचं. मग हातात असेल ते फेकायचं आणि जवळ येईल त्याला चावायचं. रागावून झालं, लाडीगोडी लावून झाली. बाबाने तर एकदा तिला न्हाणीघरात कोंडलं आणि मग स्वतःच दाराबाहेर डोळे पुसत बसला.

शेवटी दर मंगळवारी शाळेत येणाऱ्या समुपदेशक बाईंनी वर्गाच्या बाईंना आणि घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवलं. शाळेत जे चालेल तेच घरी चालायला हवं, असं त्यांचं म्हणणं. खेळ थांबवायच्या आधी तिला कल्पना द्यायची. चांगलं वागली तर नुसतं शहाणी म्हणून सोडायचं नाही, काय केलंस ते बोलून दाखवायचं. आरडाओरडा सुरू झाला की दटावायचं नाही, लाचही द्यायची नाही, फक्त जवळ बसून राहायचं. आणि चावावंसं वाटलं तर स्वतःलाच घट्ट मिठी मारून 'मला राग आलाय' असं मोठ्याने म्हणायचं, हे तिला शांत असताना शिकवायचं.

ऐकायला सोपं होतं, करताना नाकी नऊ आले. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारा, कौतुकाची त्याला सवय नाही. पहिल्यांदा भिंगरीने ठोकळे आवरले तेव्हा तो तिच्यासमोर उभा राहून गंभीरपणे म्हणाला की ठोकळे टोपलीत गेलेले आहेत, काम व्यवस्थित झालेलं आहे. लिफ्ट तपासून झाल्यावर तो असंच बोलायचा. भिंगरीला मात्र ते इतकं आवडलं की नंतर ती हाताला लागेल ते टोपलीत टाकत सुटली. घराच्या किल्ल्या त्यात सापडल्या तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आजोबांचं दुखणं आणखी वेगळं. नात रडायला लागली की त्यांच्याने राहवायचं नाही आणि खिशातलं बिस्कीट आपोआप पुढे व्हायचं. मग त्यांनी आपल्यापुरती तोड काढली. भिंगरी सुरू झाली की कानातलं मशीन काढून खिशात टाकायचं आणि तिच्याशेजारी बसून भिंतीकडे बघत राहायचं. असलं काही समुपदेशक बाईंनी सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या आणि चालू द्या म्हणाल्या. एका संध्याकाळी रडून रडून दमल्यावर भिंगरीने आजोबांच्या खिशात हात घातला, मशीन त्यांच्या हातावर ठेवलं आणि त्यांनी ते कानात बसवेपर्यंत थांबली.

"झालं माझं," ती म्हणाली.

ते ऐकून आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. आनंदानेच. तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं की घडी बसतेय. आणि आज हा फोन.

शाळेत ऑफिसबाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. चेहरा उतरलेला, मांडीवर लहानसं दप्तर. आपली पोर हिच्याच लेकराला चावली असणार, दुसरं कोण? ती तडक तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"माफ करा हो. आम्ही घरी सगळे खूप प्रयत्न करतोय. तरीपण झालं. माफ करा."

बाकावरच्या बाईने वर पाहिलं. तिला काही बोलायचं होतं, पण बोलण्याआधी रडूच आलं. त्यावर आईने आणखी एकदा माफी मागितली. एवढ्यात वर्गाच्या बाई बाहेर आल्या.

"अहो, तुम्ही कशाला माफी मागताय? यांचा मुलगा तुमच्या मुलीला चावलाय."

तिला हायसं वाटलं. दुसऱ्याचं पोर आपल्या लेकीला चावलं आणि आईला हायसं वाटलं, हे कुठल्या तोंडाने सांगावं? पण वाटलं.

बाईंनी सगळं सांगितलं. मुलगा या आठवड्यातच आलेला, नवखा. भिंगरीच्या हातातली गाडी त्याला हवी होती आणि तो दंडाला कचकन चावला. भिंगरीने तोंड उघडलेलं बाईंनी पाहिलं आणि त्यांच्या काळजात धस्स झालं, कारण मध्ये सगळी पोरं बसलेली, पोचणार कशा? पण भिंगरीने स्वतःलाच मिठी मारली आणि 'मला राग आलाय' म्हणून असा टाहो फोडला की शेजारच्या वर्गातले सर हातात खडू घेऊन धावत आले. सांगता सांगता बाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंड वळवलं.

भिंगरी वर्गाच्या दारात आली. तिने बाही वर करून दंड दाखवला.

"आई, तो चावला. मी नाही चावले."

"नाही चावलीस. तू स्वतःला घट्ट धरून ठेवलंस," आई शिकवल्याप्रमाणे म्हणाली. पुढे काय म्हणायचं ते तिला काही केल्या आठवेना, म्हणून तिने पोरीला नुसतं पोटाशी धरलं.

मान वर केली तेव्हा मुलाची आई बाकावर नव्हती. ती वर्गाबाहेरच्या खुंट्यांपाशी गेली होती. प्रत्येक मुलाच्या बदलायच्या कपड्यांची एक पिशवी तिथे अडकवलेली असे. तिने आपल्या मुलाची पिशवी काढून घेतली होती आणि आता वाकून त्याची चप्पल शोधत होती. मुख्याध्यापिका अजून बाहेरही आल्या नव्हत्या. कुणी काही सांगायच्या आधीच ती मुलाला कायमचा घेऊन निघाली होती.

भिंगरीची आई तिच्याजवळ गेली.

"पिशवी इथेच राहू दे," ती म्हणाली. "उद्या लागेल त्याला."

"उद्या?"

"हो. नेलीत तर उद्याच परत आणावी लागेल."

मुलाच्या आईने पिशवी छातीशी धरली. तिने अगदी हळू विचारलं, "तुमची मुलगी पण?"

"वर्गात कुणालाही विचारा. बाईंनाही विचारा."

बाईंनी हसून पिशवी तिच्या हातातून घेतली आणि खुंटीला परत अडकवली.