वन्स मोअरनं झिजलेली फिल्म

झाकण हळू उघडा हं मित्रांनो, आणि आधी हात पुसून घ्या! चिवड्याच्या बोटांनी मला कुणी धरलेलं मुळीच खपत नाही. मी एक जुनी फिल्म आहे. रुंदी म्हणाल तर जेमतेम सोळा मिलिमीटर, तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी. पण सगळी उलगडलीत तर शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या या गॅरेजमधून निघून चांगली किलोमीटरभर पोचेन. म्हणून मला तीन रिळांवर गुंडाळून तीन गोल डब्यांत ठेवतात. माझ्या एका कडेला बारीक भोकांची रांग आहे. प्रोजेक्टरचे दात त्या भोकांत अडकतात, मला पुढे ओढतात, आणि मी सेकंदाला चोवीस चित्रं दाखवत धावत सुटते. भोकं धड, तर मी धड.

माझा जन्म मुंबईतल्या एका लॅबमधला, साठ वर्षांपूर्वीचा. मी कृष्णधवल आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. माझ्या बरोबरीच्या रंगीत फिल्मा आता नुसत्या गुलाबी झाल्यात बिचाऱ्या! माझ्यात एका गावच्या बँडमास्तरची गोष्ट आहे. ऐन वरातीच्या दिवशी त्याचा कर्णा हरवतो आणि तो भर बाजारात तोंडानंच बँड वाजवत नाचतो. हे गाणं संपतं न संपतं तोच गर्दीतून एक सहा वर्षांची मुलगी पळत येते, मास्तरची टोपी उडवते, पडलेल्या पुढच्या दाताची फट दाखवत हसते आणि धूम ठोकते. अकरा सेकंद. त्या मुलीचं नाव कलाकारांच्या पाट्यांमध्येसुद्धा नाही. साताऱ्याकडच्या ज्या गावात शूटिंग झालं, तिथलीच कुणीतरी पोर होती.

पुढे काही वर्षांनी एका इंजिनिअरच्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीला खेटून, मी अमेरिकेत आले. काय दिवस होते ते! महाराष्ट्र मंडळं नवीन होती, मराठी सिनेमा बघायचा तर दुसरी सोय नव्हती. रविवारी शाळेचा हॉल मिळायचा. शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, सगळीकडे मी भाड्यानं जायचे. बाहेर बर्फ आणि आत बटाटेवड्यांचा वास. बँडमास्तरचं गाणं आलं की अख्खा हॉल ओरडायचा, "वन्स मोअर!" नाटकात नट परत गातो ना, तसं. आता नट परत गाईल, पण फिल्म? तरी प्रोजेक्टरवाला हौशी असायचा. तो मला उलटी फिरवायचा आणि पुन्हा सोडायचा. कधी तीनदा, कधी पाचदा. मी तर हवेत! कुणाला टाळ्या नको असतात, सांगा बरं? पण प्रत्येक वेळी उलटं फिरताना दात माझ्या त्याच त्या भोकांवर घासत होते. नावडत्या जागा आजही कोऱ्या करकरीत आहेत माझ्या. झिजले ती लाडक्या जागी.

मग व्हिडिओ कॅसेट आली आणि मला कुणी विचारेना. कुणाच्या तरी तळघरात मी वॉटर हीटरच्या शेजारी पस्तीस वर्षं पडून होते. उष्णता आणि ओल, दोन्ही माझे वैरी. अंगाला आंबूस वास यायला लागला. घर विकताना मला कचऱ्यात टाकणार होते, तेवढ्यात वैदेही आली.

वैदेही इथेच जन्मलेली. मराठी बोलते ती अर्धी इंग्रजीतून, पण हात काय हलका आहे तिचा! जुन्या फिल्मा दुरुस्त करून ती भाड्यानं देते. कुणाच्या बॅकयार्डमध्ये, कुणाच्या हॉलमध्ये. फिल्म, प्रोजेक्टर, पडदा, आणि चालवायला स्वतः वैदेही. डबा ती आता दुसऱ्या कुणाच्या हाती सोडत नाही. मागे एका घरून डबा परत आला, तो बेसनाच्या लाडवांसकट! रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून. तुपाचा तो डाग काढायला तिला दोन दिवस लागले.

यंदा जूनमध्ये तिला एक फोन आला. फोनवर होत्या सुलेखामावशी, इथेच नेपरव्हिलमध्ये मुलाकडे, निमिषकडे राहणाऱ्या. निमिषनं वैदेहीच्या यादीत माझं नाव वाचून दाखवलं आणि मावशी खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या म्हणे.

"अगं, त्या सिनेमात मी आहे! टोपी उडवणारी पोर म्हणजे मी!"

मित्रांनो, मी डब्यातल्या डब्यात ताठ झाले. साठ वर्षं जिला पोटात घेऊन फिरले, ती याच गावात?

"मावशी, यू मस्ट हॅव सीन इट सो मेनी टाइम्स," वैदेही म्हणाली.

"एकदाही नाही गं. आमच्याकडे तंबूत सिनेमा लागला तेव्हा मला गोवर निघाला होता. नंतर तो कधी आलाच नाही. लहानपणाचा माझा एक फोटोसुद्धा नाही. माझी नात, अनिका, आठ वर्षांची आहे. तिला सांगितलं तर म्हणते, आजी, यू मेक थिंग्ज अप! थापाडी ठरवलंय तिनं मला."

वैदेहीनं लगेच मला टेबलावर घेतलं. हातमोजा घालून माझ्या कडेवरून बोट फिरवत ती गाण्यापर्यंत आली आणि थांबली. गाण्याच्या शेवटी आणि त्या अकरा सेकंदांत माझी भोकं फाटलेली होती. अशा वेळी फाटका भाग कापून उरलेलं जोडतात. तसं केलं तर ती मुलगीच गेली असती. तिचं हसणंही गेलं असतं. वैदेहीनं कात्री उचलली, आणि बाजूला ठेवली. मग तिनं तयार भोकं पाडलेली पारदर्शक चिकटपट्टी घेतली आणि एकेक भोक बुजवून, नेमकं जुळवून, नवं केलं. अडीचशेच्या वर भोकं! चार संध्याकाळी गेल्या.

"मावशी, एकदा चालेल," तिनं फोनवर सांगितलं. "लगेच रिव्हर्स केली तर पट्ट्या सुटतील. मग कट करावंच लागेल. एकदाच, ओके?"

"एकदा तर एकदा. माझ्या डोळ्यांनी बघू दे," मावशी म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी निमिषच्या बॅकयार्डमध्ये सगळे जमले. घडीच्या खुर्च्या, सतरंज्या, शेजारपाजारचे वीस-पंचवीस जण. निमिषची बायको हिमानी अकरा महिन्यांच्या आन्याला मांडीवर थोपटत होती. जुलैचा सूर्य बुडता बुडेना! मी प्रोजेक्टरवर चढून कधीची तयार. अखेर अंधारलं, गवतात काजवे चमकायला लागले, वैदेहीनं खटका दाबला, आणि खर्रर्र करत मी धावले. अहाहा! इतक्या वर्षांनी अंगातून उजेड गेला!

पोरं आधी कुजबुजत होती, मग मास्तरच्या फजितीला खदखदून हसायला लागली. मावशी मात्र हसत नव्हत्या. हातातला रुमाल पिळत त्या पुढे सरकून बसल्या होत्या. गाणं सुरू झालं. आणि काय सांगू, ऐन गाण्यात चित्र थडथडायला लागलं! माझी भोकं दातांवरून निसटत होती. आणखी चार-सहा सेकंद असंच गेलं असतं तर मी टराटरा फाटले असते. वैदेही वाकली, दातांजवळचा माझा निसटलेला सैल वेढा दोन बोटांनी जागच्या जागी दाबला. खट्! चित्र स्थिर झालं. मास्तर गर्रकन फिरला, गाणं थांबलं.

आणि ती आली! फ्रॉक एका खांद्यावरून ओघळलेला, पायात काही नाही. टोपी उडवली, वळली, दातांतल्या फटीसकट हसली आणि पळाली.

"दॅट्स हर स्माइल!" अनिका किंचाळली. "डॅड, दॅट्स आजीज स्माइल! आजी, इट्स यू! तू खरंच आहेस!"

मावशींनी दोन्ही हात गालांवर ठेवले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. निमिष मात्र फोन उंच धरून वैतागला होता, कारण त्याच्या फोनमध्ये काळे पट्टे आणि अनिकाचं उडणारं डोकं, एवढंच आलं होतं.

"वन्स मोअर!" मागून कुणीतरी ओरडलं. झालं! सगळं अंगण ओरडायला लागलं. "वन्स मोअर! अगेन! अगेन!" अनिका तर उड्याच मारत होती. वैदेहीनं मला थांबवलं, दिवा विझवला आणि मावशींकडे पाहिलं. तिचा हात उलटं फिरवायच्या खटक्यावर होता. खरं सांगते, मलाही धावायचं होतं. फाटले तर फाटले, असं क्षणभर वाटून गेलं.

"मावशी, तुम्ही सांगा," वैदेही म्हणाली. "तुम्ही म्हणाल तर करते."

मावशींनी पडद्याकडे पाहिलं. मग हिमानीच्या मांडीवर पाहिलं. तिथे आन्या तोंडात बोट घालून गाढ झोपली होती.

"नको," त्या म्हणाल्या. आवाज अजून ओला होता. "हिनं कुठे बघितलंय अजून? घरातलं एक माणूस झोपलं असलं तर त्याच्या वाटचं आपण काढून ठेवतो ना? तसं हिच्या वाटचं ठेवा. चालव पुढे."

अनिका खाली बसली, आन्याच्या अंगावरची चादर तिनं नीट केली, आणि मी पुढे धावले, शेवटच्या पाटीपर्यंत.

मित्रांनो, टाळ्या मी खूप ऐकल्या. पण माझा थोडा भाग कुणासाठी तरी राखून ठेवा, असं साठ वर्षांत पहिल्यांदाच कुणी म्हणालं. दुसऱ्या दिवशी वैदेहीनं सैल झालेल्या पट्ट्या बदलल्या आणि डब्यावर चिठ्ठी लावली: 'आन्यासाठी'. तिला समजायला लागेपर्यंत मी थांबायला तयार आहे. तुम्ही फक्त एवढं करा, डबा थंड आणि कोरड्या जागी ठेवा, आणि झाकण घट्ट लावा.