कडूबाईनं पसरलेली घोंगडी

मी एक जुनी काळी घोंगडी आहे. मित्रांनो, माझ्या अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून नाक मुरडू नका. तोच माझा मान आहे. पाटोद्याकडच्या मेंढपाळांनी लोकर कातरली, त्यांच्या बायकांनी सूत कातलं, सणगरानं मला विणून चिंचोक्यांची खळ दिली. मी अशी ताठ झाले, की विचारू नका!

तेव्हा निजामाचं राज्य होतं. हुकूम हैदराबादेहून निघायचा आणि गावात पोचला की रयतेनं माना डोलवायच्या. आमच्या मेंढपाळांच्या तळावर मात्र निराळी रीत होती. मेंढरं कुठं न्यायची हे ठरवायला मला पसरत आणि सगळे माझ्यावर बसत. मी पसरलेली असताना कुणी उभं राहायचं नाही आणि बोलणाऱ्याला मधेच तोडायचं नाही. काय तो कालवा! कुणी दिंद्रुडकडे ओढी, कुणी गोदेकडे. खरं सांगते, मलाही कंटाळा यायचा.

एका दुष्काळात कारभारी तात्याबांनी कुणालाही न विचारता तळ हलवला. सगळी मेंढरं वाचली. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं आणि मग तात्याबा म्हणतील ती पूर्व दिशा झाली. कामं झटपट होत, हे कबूल केलं पाहिजे. मी मात्र तट्टाच्या पाठीवर भांड्यांखाली पडून राहिले. फार वाईट वाटायचं.

पुढं एका उन्हाळ्यात तात्याबांनी दिंद्रुडजवळच्या डोहावर जायचं ठरवलं. तळावरच्या कडूबाई या विधवेजवळ मोजक्याच मेंढ्या होत्या. तेवढ्यावरच तिचं पोट. डोहाचं पाणी नासल्याचं तिनं बाजारात ऐकलं होतं. तळ चालू लागला तशी तिनं मला तट्टावरून ओढून काढलं, तात्याबांच्या वाटेत पसरलं आणि स्वतः माझ्यावर बसली. बैठकीत बाई कधी बसली नव्हती. सारे हबकले.

"कारभारी, बसा. त्या डोहावर मेंढरं मरतेत म्हनं."

"म्या एकदा सांगितलं म्हंजी सांगितलं. ऊठ!"

कडूबाई जागची उठली नाही. मग तात्याबांचा सख्खा भाऊ बिभीषण मान खाली घालून माझ्यावर बसला. "दादा, मी बी ऐकलंय. बोलायचं लई भ्या वाटत हुतं."

मागोमाग "आमीबी ऐकलंय" म्हणत एकेक जण बसला. रीत मोडवेना, म्हणून तात्याबाही टेकले. दोघांना डोह बघायला पाठवलं. ते नाकाला पटका लावूनच परतले. काठावर दुसऱ्या तळाची मेंढरं मरून फुगली होती.

तात्याबांचा चेहरा उतरला. "समद्यांना ठावं हुतं, तर मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कवा?" कडूबाई म्हणाली.

तळ माघारी वळला. तिच्या मेंढ्या वाचल्या, तात्याबांच्याही.

मित्रांनो, आता मी एका पेटीत पडून आहे. माझी एकच विनवणी. मला बाहेर काढा, पसरा, उलटसुलट बोलणारी माणसं माझ्यावर बसवा. घडी घालून ठेवलेल्या लोकरीला आतून कसर लागते, आणि ते कळतं तेव्हा हातात नुसती भोकं उरतात.