तिसरं दरपत्रक

गोदाबाईंच्या खुब्यात सळई बसवल्यावर अमरावतीच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. वॉकर आणि सोबतीला माणूस असल्याशिवाय काही महिने चालायचं नाही; आणि उकिडवं तर आता जन्मात बसायचं नाही. अकोल्याच्या घरचा संडास मागच्या अंगणात होता, दोन पायऱ्या उतरून, जुन्या पद्धतीचा. होळीच्या आसपास त्याच पायऱ्यांवर त्या पडल्या होत्या. त्यामुळे दवाखान्यातून सुटल्यावर त्या घरी न जाता अमरावतीतच लेकीकडे, अपेक्षाकडे गेल्या; तिथे घरातच कमोड होता.

"आठ-पंधरा दिवस राह्यतो इथी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तोवर घरात कमोड बसवून घ्या. मंग मले न्या."

खुशालरावांनी मान डोलावली. पैशांची अडचण नव्हती. पेन्शन होती, आणि सत्तर हजार त्यांनी या कामासाठी वेगळे काढले होते. जागाही होती. गोदाबाईंच्या खोलीला लागून धान्य ठेवायची लहान खोली होती, ती आता रिकामीच असे. तिथे एक कमोड, हात धुवायला बेसिन आणि भिंतीला धरायचा दांडा, एवढंच करायचं होतं. आंघोळीला जुनी मोरी होती.

खुशालरावांची नोकरी सरकारी बांधकाम खात्यात कारकुनीत गेली होती. तीन दरपत्रकांशिवाय त्यांनी साधा नळही खरेदी होऊ दिला नव्हता. त्यांच्या टेबलावरून गेलेल्या एकाही फाइलीवर आक्षेप निघाला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. त्यांनी अंदाजपत्रक केलं. कमोड, फ्लशची टाकी, पाईप, चेंबर, खरखरीत टाईल्स, दरवाजा, मजुरी. मग नत्थुजी मिस्त्रींना बोलावलं.

नत्थुजींनी खोली पावलांनी मोजली. "बासष्ट हजार, साहेब. परवा काम चालू करतो."

"असं तोंडी नाई चालत. लिहून द्या. लिफाफ्यात, बंद करून."

"लिफाफा? मी त तुमच्या समोर उभा हावो!"

"अजून दोघांचे येतीन. तिन्ही सोबत फोडू."

"आन् तिसरा नाईच आला त?"

"येईन."

"साहेब, बाळंतपन आन् संडास, याचं टेंडर नसते काढत." नत्थुजी स्वतःच मोठ्याने हसले. पण दुसऱ्या दिवशी लिफाफा आणून दिला.

दुसरा लिफाफा आठवड्याने आला. तिसरा एका फिटिंगच्या दुकानातून यायचा होता. लग्नसराई होती, मालक गावोगावी होता, दुकानातून रोज "उद्या" असं उत्तर मिळे. दोन लिफाफे फ्रिजवर पडून राहिले. खुशालराव त्यांना हात लावत नसत.

गोदाबाई रोज संध्याकाळी फोन करत.

"झाला का वो?"

"तिसऱ्याचं दरपत्रक अजून याचं हाये."

"मंग या दोघातलं घ्या न एक."

"अवं, दोनावर तुलना होत नाई."

"काहून? माह्या संडासावर कोनी ऑडिट बसवून राहिलं का?"

खुशालराव हसले. "काई तरास हाये का तुले तिथी?"

"नाई नाई. लेकीच्या घरी काय तरास."

त्रास होता, पण तो नवऱ्याला फोनवर सांगण्यासारखा नव्हता. अपेक्षा पतसंस्थेत नोकरीला होती. सकाळी जाई, दिवेलागणीला येई. दिवसभर घरात फक्त जावई असे. किशोर पुढच्या खोलीत शिकवण्या घेई. गोदाबाईंना संडासाला जायचं तर कुणीतरी धरून न्यायला, बसवायला, उठवायला, लुगडं सावरायला लागे. जावयासमोर त्या कधी डोक्यावरचा पदर घसरू देत नसत. "आई, संकोच करू नका, मला आवाज द्या," असं किशोरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. दिवसापुरती बाई ठेवू, असं अपेक्षा दोनदा म्हणाली. "आठ दिवसांसाठी बाई कायले? तुहे बाबा लावूनच राहिले कमोड," असं म्हणून दोन्ही वेळा त्यांनी ते मोडून काढलं. ते आठ दिवस रोज नव्याने सुरू होत राहिले.

त्यांनी सोपा मार्ग काढला. अपेक्षा गेली की ती परत येईपर्यंत पाणी प्यायचं नाही. लेकीने उशाशी भरून ठेवलेली बाटली त्या दुपारी खिडकीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत ओतत. संध्याकाळी बाटली रिकामी दिसे, आणि लेकीला समाधान वाटे. चैत्र संपला. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकला.

तिसरा लिफाफा अक्षय्यतृतीयेनंतर आला. खुशालरावांनी तिन्ही एकत्र फोडले, तुलनात्मक तक्ता केला. सर्वांत कमी दर नत्थुजींचाच होता. घासाघीस करून काम सत्तावन्न हजार आठशेला ठरलं. नत्थुजी पहिल्या दिवशी बोलले होते त्यापेक्षा चार हजार दोनशे वाचले.

काम मात्र नीट झालं. टाईल्स लागल्या त्या संध्याकाळी खुशालरावांनी स्वतःहून फोन केला.

"खरखरीत घेतल्या. पाय घसरनार नाई आता."

"कोनाच्या टाईल्स?" गोदाबाईंचा आवाज जड होता.

"अवं, आपल्या. तुह्या संडासच्या."

"हो का," त्या म्हणाल्या. मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. झोपेतून उठली असेल, असं समजून खुशालरावांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी किशोरचा फोन आला. त्या शुद्धीवर नव्हत्या.

लघवीतला संसर्ग रक्तात गेला होता, मूत्रपिंडं बंद पडत आली होती. पाणी किती पीत होत्या, असं डॉक्टरांनी विचारलं. "बाटली रोज संपायची," अपेक्षा म्हणाली. कपडे आणायला ती घरी गेली, तेव्हा खिडकीतला मोगरा तिला दिसला. बाल्कनीतल्या सगळ्या कुंड्या करपल्या होत्या, आणि हा कळ्यांनी लदबदला होता. घरातलं कुणीच त्याला पाणी घालत नव्हतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात किशोर सासऱ्यांशेजारी येऊन बसला. "मामाजी, मी पलीकडच्याच खोलीत होतो. एक आवाज द्यायचा होता त्यांनी."

"तिनं तुमाले देला नसता," खुशालराव म्हणाले. "मले देत होती. रोज."

गोदाबाई वाचल्या. मूत्रपिंडं वाचली नाहीत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागणार होतं. ते अकोल्यातही होण्यासारखं असल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला परवानगी दिली. अंगात पाणी साठू द्यायचं नाही, असं त्यांनी खुशालरावांना दोनदा समजावलं. दिवसाला तीन पेले, चहा धरून.

घरी आल्या आल्या गोदाबाईंनी नवी खोली दाखवायला सांगितलं. खुशालरावांनी धरून नेलं. त्यांनी टाईल्सवर पाय घासून पाहिला, दांडा ओढून पाहिला, बेसिनचा नळ सोडला आणि बंद केला. मग म्हणाल्या, "तुमी बाहीर व्हा."

खुशालराव दाराबाहेर थांबले. आतून काही आवाज आला नाही. लघवी आता जवळजवळ होतच नव्हती. बऱ्याच वेळाने त्या दांडा धरून एकट्या उठल्या आणि वॉकरवर रेलत पलंगापर्यंत आल्या.

"चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "कोनाले आवाज द्याचं काम नाई. पानी आना आता."

खुशालरावांनी सकाळच्या वाट्यातला राहिलेला अर्धा पेला आणला. त्यांनी तो एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला.

"आनखी."

"आता रात्री, गोदे."

"काहून? आता त घरी हावो न मी," त्या म्हणाल्या. "तांब्याच आना इकडे."

पेला पुढे धरलेलाच होता. खुशालरावांनी एकेक बोट सुटं करून तो त्यांच्या हातातून काढून घेतला.