उलटे पाइप

चहाची किटली खाली ठेवायला ती वाकली आणि ट्रॅक्टरच्या तेलाच्या पाइपांकडे बघतच राहिली. लाल पट्टीचा पाइप लाल तोंडात, निळ्या पट्टीचा निळ्यात. अगदी पुस्तकात दाखवतात तसे.

या ट्रॅक्टरवर ते तसे कधीच नसत. बारा वर्षांपूर्वी पुढची बकेट उचलणारा लोडर आणला, तेव्हा घाईत पाइप जोडले गेले तेच उलटे. पुढे लोडर काढून पुन्हा लावतानाही पाइप तसेच जोडले जात, आणि दोघा भावांचे हात त्यालाच सरावले. लिव्हर पुढे ढकलला की इतरांची बकेट खाली जाते, यांची वर. "जगाचं उलट ते आपलं सुलट," असं धाकटा म्हणायचा.

आता बकेट कमरेइतकी उंच उचललेली होती आणि तिच्याखाली उताणा पडून तोच धाकटा निसटलेली पिन ठोकत होता. बकेटखाली लावायचा लोखंडी टेकू भिंतीलाच टेकलेला. सीटवर तिचा नवरा, हात लिव्हरवर. वेगळं होण्याचा विषय धाकट्याने काल काढला, तेव्हापासून दोघांत कामापुरतेच शब्द होते.

"दादा, किंचित वर घे."

"थांबा!" तिचा आवाज इंजिनाच्याही वर गेला. तसा तो कधी जात नसे. "भाऊजी, आधी बाहेर या."

"का वहिनी, चहा पळून चाललाय?"

"बाहेर या म्हणते ना."

तो कुरकुरत, सरपटत बाहेर आला. पँट झटकू लागला.

"पाइप तुम्ही जोडलेत?"

"मी कशाला? सकाळी मी आलो तेव्हा दादाने जोडूनच ठेवले होते."

"वर घ्यायचंय ना?" नवऱ्याने सीटवरूनच विचारलं आणि लिव्हर पुढे ढकलला.

बकेट धाडकन खाली आली. हातोडीचा दांडा तेवढा बाहेर दिसत राहिला.

इंजिन बंद झालं. धाकटा कसाबसा हसला.

"आज चहानं तारलं, वहिनी."

"सवय," नवरा खाली उतरत म्हणाला. "हात आपोआप पुढे गेला."

धाकटा हातोडीजवळ जाऊन उकिडवा बसला. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, नवऱ्याच्या हातात कप दिला आणि त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आणि सकाळी पाइप जोडताना?"

तो खाली मान घालून कपावर फुंकर घालत राहिला. चहा तिने अजून ओतलाच नव्हता.